चार बोटं आंधळी जागा

त्या माणसावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांचं कौतुक करतोय असं कुणाला वाटलं, तर तो वाचणाऱ्याचा दोष. ते हयात आहेत, काचीगुड्यालाच राहतात, आणि परवाच त्यांनी कुणाच्या तरी कारखान्यातलं एक मेलेलं मशीन उभं केल्याचं माझ्या कानावर आलं. सांगणारा फार खुशीत होता. मी विचारलं, मशीनच्या दारावर काय लिहिलंय? तो म्हणाला, तुम्हाला कसं ठाऊक?

मला नाही तर कुणाला ठाऊक असणार?

माझ्या शेडमधले तेलुगू कामगार त्यांना ‘पंतुलुगारू’ म्हणत, म्हणजे गुरुजी. मी तोंडावर ‘काका’ म्हणायचो आणि पाठीमागे ‘पंतुलु’. ते मला ‘सेठ’ म्हणत. आठ माणसांच्या पत्र्याच्या शेडवाल्याला सेठ म्हणण्यात चेष्टा होती की रीत, याचा उलगडा मला झालेला नाही.

सत्तरीच्या जवळचा माणूस, पण बसायचा म्हणून नाही. चहा चालत प्यायचे, बिस्किट चालत खायचे, बोलायचेही चालतच. वाक्याचा पहिला अर्धा लेथपाशी ऐकू यायचा, दुसरा ग्राइंडरपाशी. मधला तुम्ही ओळखून घ्यायचा. ते आले की माझी माणसं वाटेतली स्टुलं आपसूक बाजूला करत. मी स्वतः तापट, एका जागी ठरणं मलाही जमत नाही. आम्ही दोघं बोलत असलो की शेडमध्ये दोन पंखे फिरताहेत असं वाटतं, असं माझा फोरमन म्हणायचा.

येताना त्यांच्याबरोबर एक जुना ऑसिलोस्कोप असे. छोट्या टीव्हीएवढा, पुढे हिरवी काच, त्या काचेवर सिग्नलची लाट दिसते. तो बायकोच्या जुन्या साडीत गुंडाळून ते सिटी बसनं आणत. सीट मिळाली की सीटवर ऑसिलोस्कोप आणि स्वतः उभे. एकदा मी बरोबर होतो. कंडक्टर म्हणाला, सामान खाली ठेवा, लोकांना बसू द्या. पंतुलु म्हणाले, “ह्याचं वय बघा हो, माझ्याहून जास्त खस्ता खाल्ल्यात ह्यानं. ह्याचं तिकीट फाडा.” त्यानं खरंच फाडलं. शेजारच्या बाईंनी साडी बघून विचारलं, आत काय आहे? हे म्हणाले, “डॉक्टर आहे अम्मा, जुन्या आजारांचा.”

अशा माणसाशी माझी गाठ पडली ती माझ्या हावेमुळे. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात मी एक जर्मन बोरिंग मशीन, म्हणजे लोखंडात नेमकी भोकं कोरणारं, घेतलं. लोखंड अस्सल, पण कंट्रोल, म्हणजे मशीनचा मेंदू, कधीच मेलेला. अशा मशीनला नवा कंट्रोल बसवतात, त्याला आमच्यात रेट्रोफिट म्हणतात. मी बंगळूरच्या एका कंपनीला बोलावलं. दोन टायवाले आले, मशीनला हातही न लावता म्हणाले, कंट्रोल नवा, मोटरी नव्या, एन्कोडर सगळे नवे. मी विचारलं, मग माझं काय उरलं? ते म्हणाले, लोखंड.

एन्कोडर म्हणजे मोजणारा. मशीन किती सरकलं ते तो कंट्रोलला सांगतो. एक प्रकार मोटरच्या मागे बसतो आणि तिचे फेरे मोजतो. माझ्या मशीनला त्याखेरीज एक्स, वाय, झेड या प्रत्येक अ‍ॅक्सिसच्या, म्हणजे सरकायच्या दिशेच्या, कडेनं काचेची एक लांब पट्टी होती, तिच्यावर केसाहून बारीक रेघा. पट्टीवरून एक छोटा वाचक सरकत जातो आणि रेघा मोजत राहतो. टायवाल्यांच्या मते तो भंगार माल होता.

मग कुणीतरी जुनी मशीनं उभी करणाऱ्या पंतुलुंचं नाव सांगितलं. ते पहिल्या दिवशी मशीनभोवती सात-आठ फेऱ्या मारून थांबले, गुडघ्यावर बसले आणि पट्टीवरचं झाकण उघडलं. थांबलेले मी त्यांना असेच पाहिलेत, काचेपुढे.

“ही फेकायला सांगितली?”

“हो.”

“त्यांच्या घरात आरसा नसेल. सेठ, मोटर सांगते तिनं किती फेरे मारले. स्क्रू झिजला तर फेरे तेवढेच आणि टेबल मागे. टेबल कुठं पोचलं ते टेबलालाच विचारावं लागतं. ही काच टेबलाची आहे.”

“पण नवा कंट्रोल ही वाचेल?”

“हिचा आवाज बारीक, त्याला खणखणीत लागतो. मध्ये एक दुभाष्या बसवू.” दुभाष्या म्हणजे एक सर्किटची डबी, ती ते स्वतः जुळवत.

मी धंद्याच्या सवयीनं म्हटलं, “दहा टक्के कमी करा.”

“हौ, करू. कुठला अ‍ॅक्सिस दहा टक्के कमी चालवायचा तेवढं सांगा.”

मी हसलो. ते हसले नाहीत. नंतर लक्षात आलं, घासाघीस म्हणजे काय हे ह्या माणसाला कळतच नाही. भाजीवाला बोलेल तो भाव देतात, नाहीतर भाजी न घेता निघतात. दोन्हींत राग नाही, लोभ नाही. माझं अख्खं आयुष्य घासाघिशीवर उभं. माझे वडील नांदेडकडून आले, विद्यानगरला विद्यापीठात शिपाई होते. मी लोखंडाचा चुरा झाडण्यापासून सुरुवात केली आणि एकेक गोष्ट दुसऱ्याच्या मुठीतून सोडवून घेतली. पहिला भाव खरा मानला असता तर आजही झाडूच हातात असता.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. इथली जुनी मराठी घरं, काचीगुड्याची, वकिलांची, सरकारी नोकरीवाल्यांची, नवा मराठी माणूस भेटला की गाव विचारतात, मग आडनाव, आणि मग त्यांचा चेहरा जरासा हलतो. त्या हलण्याची मला लहानपणापासून ओळख आहे आणि माझं उत्तर तयार असतं, चांगलं धारदार. पंतुलुंचे वडील वकील. मी उत्तर तयार ठेवून होतो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “अर्थिंग कुठून घेतलंय?” आणि जेवायच्या वेळी माझ्या डब्यातली पोळी उचलून चालू लागले, वर म्हणाले वरणात चिंच जास्त झालीय, तेलुगू शेजार दिसतो. तो प्रश्न कधी आलाच नाही. उत्तर तसंच राहिलं.

त्यांच्या अटी दोन. एक, कुठलाही एन्कोडर परीक्षा घेतल्याशिवाय बसवणार नाही, जुना असो की नवा. दोन, काम झालं की मशीनच्या पॅनेलच्या दारावर ते रंगानं लिहिणार: काय जुनं, काय नवं, काय अधू. तेलुगूत, कारण चालवणारे तेलुगू. आणि ते पुसायचं नाही.

मला दुसरी अट फुकटची वाटली. मी लगेच हो म्हटलं.

परीक्षा बघण्यासारखी असे. एन्कोडर टेबलावर बांधायचा, हातानं फिरवायचा, दिव्याखाली तापवायचा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं टकटक करायची, आणि हिरव्या काचेवर लाट कापते का ते बघायचं. मग त्याला चिठ्ठी बांधायची, पास किंवा नापास, आणि कारण. मी राणीगंजच्या एका व्यापाऱ्याला दोन तास पिडून मोटरीचे दोन नवे एन्कोडर एकाच्या भावात आणले होते, डबाबंद. पंतुलुंनी त्यातला एक नापास केला. चिठ्ठीवर कारण, ‘तापला की खोटं बोलतो.’

“काका, नवा आहे तो.”

“नवा म्हणजे अजून कुणी पकडला नाही एवढंच.”

मी चिडून तो राणीगंजला परत नेला. व्यापारी म्हणाला, एकाच्या भावात दोन घेतलेत, एक तर चालतोय ना. उत्तरादाखल मी ओरडलो.

काचेच्या पट्ट्या त्यांनी स्पिरिट आणि मलमलच्या फडक्यानं स्वतः पुसल्या. तीन दिवस. एक्सची पास झाली. झेडची पास, फक्त तिचा दुभाष्या जुळायला वेळ लागणार होता, तोवर झेड मोटरच्या एन्कोडरवर चालवायचं ठरलं. वायच्या, म्हणजे मशीनचं डोकं वर-खाली नेणाऱ्या उभ्या अ‍ॅक्सिसच्या पट्टीत मात्र खोट निघाली. तेलानं चार बोटं रुंदीचा एक भाग खाल्ला होता. त्या भागातून डोकं गेलं की कधी अलार्म वाजे आणि कधी गुपचूप काही रेघा सुटत. सुटल्या की पुढचं सगळं माप चुकणार.

“नवी पट्टी मागवा,” ते म्हणाले.

“परदेशातून येईपर्यंत ऑर्डर जाईल, काका. ऑर्डर मिळाली की मागवू.”

ऑर्डर म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्यासाठी सगळं त्यावरच होतं. पाटणचेरूकडच्या एका पंप बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला पंपाच्या बॉडींवर दोन भोकं करून हवी होती, दोन्हींमधलं अंतर अगदी नेमकं. माल पसंत पडला आणि त्यांच्या इन्स्पेक्टरनं मशीन मंजूर केलं, की वर्षभराचं काम. तोवर मी दुसऱ्या कारखान्यांनी टाकलेली कामं उष्ट्यासारखी उचलत होतो. एकदा त्या कंपनीच्या यादीत नाव चढलं की कुणापुढे उभं राहायचं नव्हतं.

पंतुलुंनी दोन फेऱ्या मारल्या आणि उपाय सांगितला. जॉबखाली, म्हणजे पंपाच्या बॉडीखाली, ठोकळे घाला, उंच करा. झीरो, म्हणजे मोजणीची सुरुवात, त्या आंधळ्या जागेच्या वर घ्या, काम वरच करा, खाली उतरूच नका. आम्ही तसं केलं. नमुन्याच्या सहा बॉडी काढल्या. मी त्या बाहेरच्या लॅबमध्ये तपासून घेतल्या. सहाच्या सहा बरोबर. इतक्या बरोबर, की लॅबवाल्यानं विचारलं, मशीन नवं घेतलं का?

आणि दारावर पंतुलुंनी पांढऱ्या रंगात सुबक तेलुगूत लिहिलं: एक्स जुना, पास. झेड तात्पुरता मोटरवर. वाय जुना, चार बोटं आंधळा, ह्या मापापासून ह्या मापापर्यंत, इथून जाऊ नये.

इन्स्पेक्टर यायच्या दिवशी सकाळी मी त्या लिहिलेल्यावर माझ्या कंपनीचा नवा बोर्ड लावला. चार स्क्रू. पुसलं नाही. पुसायचं नाही एवढंच ठरलं होतं.

इन्स्पेक्टर म्हणजे तिशीची एक तेलुगू मुलगी, शांत आवाजाची, हातात फाइल. तिनं बॉडी मोजल्या. पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी तिनं होकाराची मान हलवली. पंतुलु पलीकडून फेऱ्या मारत होते. पॅनेलपाशी आले आणि फेरी थांबली.

“सेठ, इथं लिहिलेलं होतं.”

मी मराठीत म्हटलं, “काका, आत्ता नको. ती गेली की काढतो.”

“ती गेल्यावर कुणासाठी?”

“माल बरोबर आहे ना? तुम्हीच सांगा.”

“माल बरोबर आहे.”

“मग झालं तर.”

त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. मी त्यांचा हात धरायला हवा होता, पण सत्तरीच्या माणसाचा हात परक्या बाईसमोर कसा धरणार? चार स्क्रू काढायला त्यांना किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. बोर्ड त्यांनी नीट भिंतीला टेकवून ठेवला. ती आली, वाचलं, आणि म्हणाली, “डोकं ह्या जागेतून एकदा खाली नेऊन परत आणता का?” फोरमननं माझ्याकडे बघितलं. डोकं खाली गेलं, वर आलं. तिनं माप दाखवणारा डायल लावलेलाच होता. काटा शून्यावर परतला नाही.

ती गेल्यावर मी पंतुलुंना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझं मशीन, माझं दार, माझा बोर्ड, इथपासून सुरुवात झाली. ते फेऱ्या मारत ऐकत होते, त्यामुळे मला त्यांच्या मागे चालत शिव्या द्याव्या लागल्या. शेवटी ते ऑसिलोस्कोप साडीत गुंडाळून निघून गेले.

चार दिवस मी धुमसत होतो. पाचव्या दिवशी काचीगुड्याला त्यांच्या घरी गेलो. भांडायला नव्हे, मला त्यांच्याकडून काम करून घ्यायचं होतं. कंपनीनं नकार कळवला नव्हता. मशीन लावणाऱ्यानं स्वतः जाऊन सांगितलं, की माल वरच्याच भागात निघतो आणि तिथं काच शाबूत आहे, तर अजून काही होऊ शकलं असतं.

दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. “या, बसा. ते बसायचे नाहीत, तुम्ही तरी बसा.” घरभर त्याच सुबक अक्षरात पट्ट्या चिकटवलेल्या, इथं मराठीत. पंख्याच्या बटणावर ‘तीनवर चालत नाही’. गिझरवर ‘डावा नळ, सांभाळून’. फ्रिजवर ‘खालच्या कप्प्यात दूध नासते’. मी त्या वाचतोय हे बघून बाई म्हणाल्या, “मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा ह्यांनी चहाआधीच सांगून टाकलं. मुलगी हुशार, पण महिन्यातून एकदा भयंकर चिडते, त्या दिवशी बोलू नका.”

“मग?”

“मग काय, त्याच घरात दिलीय. जावई म्हणतो, दोनदा चिडते, बाकी बरोबर.”

पंतुलु आतून आले. मी माझं मागणं सांगितलं. वाटलं होतं, आढेवेढे घेतील, मला चार शब्द ऐकवतील, मग मी वाकेन, मग ते वाकतील. ते म्हणाले, “माल बरोबर आहे ते सांगायला पाहिजेच. चला.” आणि चप्पल घातली.

पाटणचेरूला त्या मुलीच्या ऑफिसात ते जे बोलले, तसं माझ्या बाजूनं आजवर कुणी बोललेलं नाही. खोलीत फेऱ्या मारत, अर्धं तेलुगूत, अर्धं इंग्रजीत, त्यांनी तिला सगळं पटवलं. पट्टीचा कुठला भाग शाबूत, त्याची परीक्षा कशी घेतली, लाट किती उंच, किती स्वच्छ. नव्या मशीनवर मोटरचे फेरे मोजून काढलेल्या मालापेक्षा ह्या जुन्या काचेवरचा माल जास्त खरा कसा. म्हणाले, “नवी पट्टी येईपर्यंत हे मशीन अर्धं आंधळं आहे. पण उघड्या डोळ्यानं बघतं तेव्हा तुमच्या सगळ्या मशीनपेक्षा नीट बघतं.” मुलगी हसली. फाइल तिनं पुन्हा उघडली, पेन काढलं. मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो.

मग तिनं विचारलं, “सर, तुम्ही तिथं रोज नसणार. हे मालक त्या आंधळ्या जागेतून डोकं कधीच नेणार नाहीत, एवढं तुम्ही लिहून द्याल?”

पंतुलु थांबले. समोर काच नव्हती, तरी थांबले.

“काचेचं लिहून देतो. मालाचं लिहून देतो. ह्यांचं कसं देऊ? ह्यांनी ते झाकलं होतं.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “तुम्ही काय म्हणता?”

तिच्या आवाजात दार लावून घेण्याचा सूर नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा मी उभा राहिलो आणि मोठ्या कंपन्यांच्या नियमांबद्दल, एअर कंडिशनमध्ये बसून लहान माणसाला नाडणाऱ्यांबद्दल बोललो. बराच वेळ बोललो. त्यात माझी चूक झाली एवढं कबूल करतो, त्यापुढचं नाही. तिनं पेनाला टोपण लावलं.

परत येताना ते माझ्याच गाडीत होते. गाडीत चालता येत नाही, म्हणून ते गुडघा हलवत राहिले, आणि गाडीभर ती थरथर. नामपल्लीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा ते म्हणाले, झेडचा दुभाष्या आता जुळलाय, काल रात्री लाट स्वच्छ आली. जणू आम्ही कुठूनच परत येत नव्हतो. काचीगुड्याला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उतरताना म्हणाले, “उद्या नऊला येतो. झेड लावून टाकू.”

मी म्हटलं, “येऊ नका.”

“बरं,” ते म्हणाले आणि निघाले.

आता ज्यांनी बाजारात काही मिळवलंय त्यांना सांगायला नको, की पहिला शब्द हा शब्द नसतो. मी ‘नको’ म्हणून चार पावलं चालतो, दुकानदार हाक मारतो, तिथून बोलणं सुरू होतं. ती त्याची हाक असते आणि ते माझं चालणं असतं. त्या दिवशी चालत ते निघाले होते आणि मी गाडीत बसून होतो, इंजिन चालू, आरशात त्यांची पाठ. ते नेहमीच्याच चालीनं गेले. मागे वळले नाहीत, हळू झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नऊला मी गेटवर होतो. फोरमननं विचारलं, कुणाची वाट बघताय? मी त्याला कामाला जायला सांगितलं. दहाला आत आलो.

ऑर्डर उप्पलच्या एका शेडवाल्याला गेली. वायची पट्टी मी पुढे बदलून घेतली, दुसऱ्याकडून. फोन नंबर माझ्याकडे आहे, घर मला ठाऊक आहे, आणि मी बोलावलं तर ते ‘बरं’ म्हणून चप्पल घालतील, मागचं एक अक्षर काढणार नाहीत, हेही मला पक्कं ठाऊक आहे. तोच तर माझा राग आहे. झेड अजून मोटरच्याच सांगण्यावर चालतो.